पहिल्या तेलाचे वडे

नाव : मुखरू सोमाजी वासेकर. मुक्काम : चिचटोला, जिल्हा गडचिरोली. वय : अंदाजे अठ्ठावन्न. शिक्षण : सही येते. व्यवसाय : पूर्वी तेलघाणी, सध्या हरित इंधन उद्योजक. आर्थिक स्तर : उंचावण्याच्या मार्गावर. दृष्टिकोन : सकारात्मक. पर्यावरणावरील भार : नगण्य. विशेष नोंद : पारंपरिक ज्ञान व आधुनिक तंत्रज्ञान यांचा संगम.

हे वर्णन नागपूरच्या एका संस्थेच्या माहितीपत्रकातले. शेजारी मुखरूचा फोटो आहे. नवी टोपी घालून तो एका यंत्राकडे बघतो आहे, आणि यंत्राने काही विचारले असून उत्तर आपल्याला येत नाही, असा त्याचा चेहरा आहे. माहितीपत्रकात खोटे असे काही नाही. सही त्याला खरोखर येते.

चिचटोला हे गाव गडचिरोलीहून अहेरीला जाणाऱ्या रस्त्यापासून बरेच आत, जंगलाला पाठ टेकून बसलेले. धान पिकते, तळ्यात मासे मिळतात, आणि उन्हाळा सरता सरता मोहाच्या झाडांखाली टोरी पडते. टोरी म्हणजे मोहाचे बी. बायका ती वेचतात, फोडतात, वाळवतात आणि मुखरूच्या घाण्यावर आणतात. वर्षभराचे खायचे तेल त्यातून निघते. इतर महाराष्ट्राला मोह म्हटले की बाटली आठवते. चिचटोल्यात मोह म्हणजे फोडणी.

टोरीचे कच्चे तेल मात्र कडू असते आणि पोटाला सोसत नाही. ते आधी कढवावे लागते. धूर निघेपर्यंत तापवायचे, त्यात चिंचेचा गोळा सोडायचा, गोळ्याचा कोळसा झाला की समजायचे, कडूपण गेले. तेलात जे काही वाईट असेल ते धुरावाटे निघून जाते, असा तिथला सिद्धांत आहे. तो आजवर कधी चुकला नव्हता, कारण गावातले तेल आजवर एक तर टोरीचे असे, नाही तर जवसाचे.

२००५ साली या गावात अमर आला. अमर हा संस्थेचा प्रकल्प अधिकारी. तिशीतला, नागपूरचा, मोटारसायकलवरून येणारा आणि पाणी प्यायच्या आधी मुद्द्यावर येणारा. शाळेच्या फळ्यावर त्याने एक वर्तुळ काढले. चंद्रपूर-गडचिरोलीचा हा पट्टा साऱ्या राज्याला कोळसा देतो, वीज देतो, सिमेंट देतो, आणि संध्याकाळी स्वतः कंदील लावून बसतो, असे तो म्हणाला. यावर कोणाचा वाद नव्हता. मग त्याने वर्तुळ भरले. बांधावर आणि पडीक जमिनीवर चंद्रजोत, म्हणजे मोगली एरंड, लावायची. तिच्या बियांचे तेल गावातच काढायचे. त्या तेलावर तळ्यावरचा पंप चालेल, पिठाची गिरणी चालेल. पेंड खत म्हणून शेतात. शेतातून पुन्हा बी. डिझेलसाठी गावाबाहेर जाणारा पैसा गावातच फिरेल, झाडे वाढतील, पोरांना काम मिळेल आणि धूर कमी होईल. अशी शंभर गावे झाली की हा जिल्हा तंत्रज्ञानात इतरांच्या पुढे.

“साहेब, पैसा भाईर जाणार नाई हे समजलं,” सरपंच हेमराज म्हणाला. “पण आत कुठून येते?”

सगळे हसले, अमरही हसला. योजना मूर्खपणाची नव्हती, हे इथेच सांगितलेले बरे. नंतर ती मूर्खपणाची होती असे म्हणणारे पुष्कळ निघाले, त्यांतले बरेचसे त्या दिवशी फळ्यासमोर माना हलवत होते.

चंद्रजोत गावाला नवी नव्हती. कुंपणाला तीच असे, कारण जनावर तिला तोंड लावत नाही. तिचा चीक काडीवर घेऊन पोरे फुगे उडवतात. तिच्या बिया खाल्ल्या तर दिवसभर घरामागे बसावे लागते, हेही प्रत्येक घराला कोणा ना कोणा पोरामुळे माहीत होते. तेव्हा पुढे जे झाले त्याला अज्ञान म्हणता येत नाही. गावाला झाड माहीत होते, बी माहीत होते आणि तेल म्हणजे काय हे तर फारच चांगले माहीत होते.

अडचण एवढीच होती की लावलेल्या झाडांना बी धरायला तीनेक वर्षे लागणार. तोवर सुरुवातीपुरती बियांची पोती बाहेरून येतील, आणि उन्हाळ्यात त्याच यंत्रावर मुखरूने गावाची टोरी काढावी, म्हणजे यंत्रही बसून राहणार नाही आणि मुखरूही, असे अमरने सुचवले. मुखरूला हे पटले. शेड एकच होते, म्हणून पणजोबाच्या वेळचा लाकडी घाणा उपटून काढला. त्याचे लाकूड इतके तेल प्यालेले होते की कापताना करवत सरकत होती. घाण्याचा बैल मेहुण्याकडे गेला. यंत्र आले, इंजिन आले, वर पत्रे आले. आता परतीचा रस्ता उरला नव्हता. ज्येष्ठात गावाची टोरी आली तर मुखरू उभा, नाही आली तर आडवा. बायको वच्छला त्याला हे रोज सांगत असे, म्हणून त्याच्या ध्यानात होते.

उद्घाटन फाल्गुनात ठरले. पाहुणे येणार म्हटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या भागीरथाबाईने रीत काढली. नव्या घाण्याचे पहिले तेल विकायचे नसते. एक दिवा मारुतीपुढे लावायचा, उरलेल्या तेलात वडे तळून आलेल्या माणसांना वाटायचे. पाहुणे आधी, गाव नंतर, घाणेवाला शेवटी. घाणा बसवण्याची रीत ठाऊक असलेले गावात तिच्याशिवाय कोणी उरले नव्हते, आणि तिनेही ती आजीच्या तोंडून ऐकलेली. पण रीत आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मुखरू तर खूषच झाला. लोखंडाच्या यंत्राला गावाने घाणा मानले, याचे त्याला फार वाटले.

तरी तो सावध माणूस. बी चंद्रजोतीचे आहे हे त्याला खटकत होते. आदल्या दिवशी त्याने अमरला बाजूला घेऊन विचारले, या तेलाचा काही त्रास तर नाही ना. अमरच्या डोक्यात तेव्हा इंजिन होते, मंडप होता आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा हार होता.

“झिरो,” अमर म्हणाला. “पर्यावरणाला कसलाही अपाय नाही, मुखरूभाऊ. याचा धूरसुद्धा डिझेलपेक्षा साफ असतो.”

मुखरू स्वतःला पर्यावरणात धरत होता. त्याने घरी येऊन वच्छलाला सांगितले, की साहेब काही होत नाही म्हणतात, तरी तू आपली तेल चांगले कढवून घे. वच्छलाने चिंचेचा नेहमीपेक्षा मोठा गोळा काढून ठेवला.

उद्घाटनाला गडचिरोलीहून जीपगाड्या आल्या. साहेब आले, बँकेचे आले, शेतीखात्याचे आले, आणि साहेब जंगलात येणार म्हणून पोलीस कॅम्पवरून बंदोबस्तही आला. शाळेच्या मुलांनी स्वागतगीत म्हटले. त्यांना बिस्किटाचे पुडे देऊन घरी पाठवले, आणि सबंध दिवसात योग्य ठरलेला निर्णय तेवढाच. साहेबांनी बटण दाबले. यंत्र गुरगुरले आणि नळीतून पिवळे तेल आले. ते गाळून इंजिनमध्ये घातले, तर इंजिनही पहिल्या झटक्यात चालू झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाला त्या तेलाचा त्या दिवशी किंवा नंतर कधीही काही त्रास झाला नाही.

शेडमागे वच्छलाने तेल कढवले. धूर झाला, चिंचेचा कोळसा झाला. मग लाखोळीच्या डाळीचे वडे पडू लागले. पाहुण्यांनी ते मागून मागून घेतले. एका साहेबांना चव जरा निराळी वाटली. ही खरी गावरान चव, असे शेजारच्याने त्यांना समजावले, तेव्हा त्यांनी आणखी दोन घेतले. गावाने घेतले. बंदोबस्तावरच्या जवानांनीही, एक हात बंदुकीवर ठेवून दुसऱ्या हाताने घेतले. कढई खरवडली तेव्हा मुखरू आणि वच्छला यांच्या वाट्याला काही उरले नव्हते. ते दोघे पाणी प्यायले. पाहुण्यांनी सगळे संपवले यासारखा मान नाही.

जेवणानंतर भाषणे झाली. हरित विकास शेवटच्या माणसाच्या पोटापर्यंत पोचला पाहिजे, असे मोठे साहेब म्हणाले. त्यांच्यामागून आभार मानायला हेमराज उभा राहिला. तो ‘माननीय’ म्हणाला आणि थांबला. पुढचे नाव आठवत नसावे असे लोकांना वाटले. मग तो माइक सोडून मंडपाबाहेर धावला.

पुढचे वर्णन करण्यासारखे नाही आणि करायची गरजही नाही. साहेब, शिपाई, सरपंच, जवान आणि गाव यांच्यातला फरक थोड्याच वेळात संपला. बांधाबांधाने माणसे वाकलेली होती. मोठ्या साहेबांच्या गळ्यातला हार तसाच होता आणि ते चंद्रजोतीच्याच कुंपणाला धरून उभे होते. भागीरथाबाई मंडपाच्या सतरंजीवर पडली होती आणि तिच्या तोंडून फक्त ‘पानी’ एवढेच येत होते. ज्यांना उभे राहता येत होते त्यांनी ज्यांना येत नव्हते त्यांना जीपमध्ये घातले. जीप भरल्यावर ट्रॅक्टर आणला.

ट्रॅक्टर चालवायला धड माणूस कोण, म्हणून शोध झाला, तेव्हा गावाच्या लक्षात आले. सबंध मंडपात दोनच माणसे धड उभी होती. एकाच्या हातात तांब्या होता, दुसरीच्या हातात झारा.

हेमराज ट्रॉलीत आडवा होता. चेहरा राखेसारखा. त्याने मुखरूकडे बराच वेळ पाहिले.

“मुखरूभाऊ,” तो म्हणाला, “तू काऊन नाई खाल्ला गा?”

“उरलेच नाई,” मुखरू म्हणाला.

हे अगदी खरे होते. खरे असूनही ते कानाला इतके भयंकर लागले, की मुखरू स्वतःच दचकला. मुखरूला बैल हाकता येत होता, ट्रॅक्टर नाही, म्हणून शेवटी एक जवानच कण्हत चाकामागे बसला. ट्रॅक्टर निघाला आणि वळणाआड जाईपर्यंत ती सगळी माणसे, पोट धरून, त्याच्याकडे बघत होती.

कोणी मेले नाही. सलाइनवर बहुतेक सगळे लवकर सावरले; भागीरथाबाईला तेवढे दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. पण या भागात साहेबलोक आणि जवान एकदम आडवे पडले की पोलिसांना पोटापाशी थांबून चालत नाही. मुखरू-वच्छलाला कॅम्पवर बसवले. चहा दिला. जंगलातून कोणी निरोप आणला होता का, असे फिरवून फिरवून विचारले. मुखरूने प्रत्येक वेळी वड्यांची कृती सांगितली. तिसऱ्या की चौथ्या वेळेला लिहून घेणाऱ्या हवालदाराने चिंच किती ते विचारले, तेव्हा वच्छलाला वाटले आता आपण सुटलो.

मग अमर आला. तोही सलाइनवरून उठलेला. भिंतीला धरून बसला. बी विषारी आहे हे तुम्हाला माहीत होते का, असे अधिकाऱ्याने विचारले. हो, म्हणाला. यांना सांगितले होते का? अमर म्हणाला, “सर, हे इंधन आहे. हे कोणी खाईल असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.”

कोपऱ्यातून वच्छला बोलली, तेवढेच ती त्या दिवशी आपणहून बोलली. “तेल हाये, तं लोकं खातीनच ना जी.”

या योजनेवर नागपुरात वर्षभर बैठका झाल्या होत्या. इंजिन, पेंड, रोजगार, धूर, सगळ्याचा विचार झाला होता. तेल दिसले की माणूस कढई शोधतो, ही गोष्ट त्या सगळ्या बैठकांतून निसटली होती. अमर वच्छलाकडे नुसता बघत राहिला. त्याला पुन्हा उलटी येते की काय असे हवालदाराला वाटले आणि त्याने बादली पुढे सरकवली.

दोघांना सोडले. गावात परतताना मुखरूने शिव्यांची तयारी केली होती. शिव्यांना उत्तरे असतात. ती त्याने वाटेत जुळवलीही होती. पण कोणी शिवी दिली नाही. लोकांनी हाक मारली, बसायला सांगितले, पोलिसांनी मारले तर नाही ना म्हणून विचारले. चूक तुझी नाही, असे सगळे म्हणाले. मुखरू घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. वच्छलाने काय झाले विचारले. कोणीच रागावले नाही, असे त्याने सांगितले. ते ऐकून तीही खाली बसली.

वैशाखात त्याने यंत्र धुवायला घेतले. अमरनेही आपल्या परीने भरपाई केली, नागपूरहून मेकॅनिक आणला. यंत्राचा नट न् नट सोडवला, सोड्याच्या उकळत्या पाण्यात शिजवला, आणि जोडल्यावर उरलेसुरले तेल टिपायला त्यातून पोती पोती कोंडा फिरवून तो खड्ड्यात पुरला. मग वच्छलाने घरची, गेल्या वर्षीची राखून ठेवलेली टोरी दिली. तिचे तेल निघाले. ज्येष्ठ लागला होता, झाडांखाली नवी टोरी पडू लागली होती, आणि बायका टोपल्या घेऊन पहाटे जात होत्या. त्या टोपल्या भरून कुठे रिकाम्या व्हायच्या, एवढाच आता प्रश्न होता.

मुखरूने मारुतीपुढे चूल मांडली. भर दुपारी, गाव जमल्यावर, त्याने सगळ्यांसमोर तेल कढवले आणि वडे तळले. तळून झाल्यावर पानावर घेऊन कोणाला न विचारता पहिला वडा स्वतः खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. वच्छलानेही खाल्ला. मग दोघे हात मांडीवर ठेवून बसले आणि गाव त्यांच्याकडे बघत बसले. कोणी बिडी पेटवली, कोणी पोराला झोपवले, पण उठले कोणी नाही. सावली पारावरून उतरून रस्त्यावर गेली. मुखरूला काहीही झाले नाही. एकदा तो खोकला, तेव्हा पुढची रांग मागे सरकली.

शेवटी हेमराजने जाहीर केले की यंत्र साफ आहे, मुखरूभाऊने दाखवून दिले. लोक हो म्हणाले. काही म्हणाले, आता काही धास्ती नाही. मुखरूने वड्यांची परात पुढे केली. ती त्याच्या हातात तशीच राहिली. लोक परातीकडे बघत होते, हसऱ्या चेहऱ्याने, लग्नात ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसे.

भागीरथाबाई काठी टेकत पुढे आली. मुखरूला धीर आला. सगळ्यांत जास्त भोगलेली हीच, हिने घेतला तर सगळे घेतील.

“मुखरू,” ती म्हणाली, “घाणेवाला शेवटी खात असते. तू आज आधी खाल्ला.”

“तुमाले भरोसा यावा म्हणून खाल्ला, बाई.”

“आजपावतो तुले असा भरोसा द्या लागला नोता,” भागीरथाबाई म्हणाली. “म्हंजे तुलेच भेव वाटून राह्यला.”

हे तिने रागाने म्हटले नाही, अगदी मायेने म्हटले. वच्छलाच मध्ये पडली. तेव्हा शेवटी राहिलो तर काऊन नाही खाल्ला म्हणाले, आज आधी खाल्ला तर हे. मग माणसाने खावे तरी कधी, असे तिने सगळ्यांदेखत विचारले. भागीरथाबाईने विचार केला. तेही खरे आहे, म्हणाली, आणि काठी टेकत घरी गेली. तिच्यामागून एकेक जण उठला. ऊन फार आहे, असे जाताना प्रत्येकाने मुखरूला सांगितले. परातीतले वडे दोघांनी रात्री आणि सकाळी खाल्ले.

त्या महिन्यात गावातून बैलगाड्या पलीकडच्या गावाला जाऊ लागल्या, तिथे जुना लाकडी घाणा होता. मुखरूच्या दारावरून जाताना गाडीवान आवर्जून हाक मारत, भाऊ, बरं आहे ना? मुखरू बरं आहे म्हणे. पोत्यांवर गवत टाकलेले असे. गवताखाली काय आहे हे हाक मारणाऱ्याला माहीत होते, ऐकणाऱ्यालाही माहीत होते, आणि गाडी पुढे जाईपर्यंत दोघेही पाऊसपाण्याचे बोलत. शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे मुखरू एकदा वच्छलाला म्हणाला.

संस्थेने वर्षअखेर अहवाल काढला. चिचटोला केंद्र तांत्रिकदृष्ट्या पूर्णतः यशस्वी ठरले असून, उद्घाटनप्रसंगी उद्भवलेल्या किरकोळ आरोग्यविषयक अडचणीवर मात करण्यात आली आहे. श्री. मुखरू वासेकर यांच्या नेतृत्वाखाली हंगामात स्थानिक टोरी-प्रक्रियेस प्रारंभ झाला असून समाजाचा प्रतिसाद उत्साहवर्धक आहे.

त्या हंगामात यंत्रावर आलेली टोरी वच्छलाच्या माहेरची होती. तिचे माहेर नदीपलीकडे, सिरोंच्याच्या बाजूला, आणि तिकडे ही बातमी अजून पोचली नव्हती.